सहा जणांचा मुलूख

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते दर निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्यूटीला जायचे. एका वर्षी त्यांच्या वाट्याला नदीपलीकडची वाडी आली. मतपेटी गड्याच्या डोक्यावर, गुरुजींच्या हातात मतदारयादी, असे ते गुडघाभर पाण्यातून गेले. दिवसभरात एकवीस मतं पडली. वर्गात हे सांगून ते आम्हाला विचारायचे, की एकवीस मतांसाठी सरकारने एवढा खटाटोप करावा का? आम्ही एकसुरात ‘हो’ म्हणायचो. मग ते दुसरा प्रश्न टाकायचे: ‘मग त्या वाडीला एक वेगळा आमदार द्यावा का?’ तिथे वर्ग गप्प व्हायचा. पंचेचाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकून-शिकवूनही मी त्या दोन प्रश्नांच्या मधेच उभा आहे. आज त्याच जागेवरून बोलणार आहे, फक्त उदाहरण घेणार आहे फार लांबचं.

माझी मुलगी पर्थला असते. पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याची ही राजधानी. राज्याचं क्षेत्रफळ सुमारे पंचवीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आठ महाराष्ट्र मावतील एवढं, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश वस्ती एकट्या पर्थ महानगरात. उरलेले लोक गव्हाच्या रानात, लोखंडाच्या खाणींवर, मेंढ्यांच्या कुरणांवर आणि समुद्रकाठच्या गावांत विखुरलेले. राज्याला आपल्यासारखीच दोन सभागृहं आहेत, विधानसभा आणि विधान परिषद. मात्र तिथली परिषद थेट जनता निवडते. १९८९ पासून २०२५ पर्यंत ही निवड सहा मोठ्या प्रदेशांतून व्हायची: तीन महानगरातले, तीन बाहेरचे. बाहेरच्यांतला एक नैऋत्येचा, एक खाणी आणि कुरणांचा, आणि एक अ‍ॅग्रिकल्चरल रीजन. मी त्याला शेतीप्रदेश म्हणेन. आजचा विषय हा शेतीप्रदेश. २०२५ च्या मार्चमध्ये तो कायद्याने संपला.

मी तिथे गेलो तेव्हा तो संपणार हे ठरलेलं होतं, पण अजून संपला नव्हता. डिसेंबरचा महिना, कापणीचा हंगाम. पर्थहून पूर्वेला मेरेडिनपर्यंत दोनशे साठ किलोमीटरची सडक. सडकेच्या कडेने एक जाड लोखंडी पाइप सतत सोबत करत होता. सी. वाय. ओकॉनर या इंजिनिअरच्या आराखड्यावरून घातलेली ही पाण्याची वाहिनी. पर्थजवळच्या धरणाचं पाणी पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तिने १९०३ मध्ये पोचवलं. वाटेतली गव्हाची गावंही त्याच पाण्यावर जगली. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचा पिवळा खुंट, मधेच मिठाने पांढरे पडलेले जमिनीचे चट्टे. झाडं तोडली, भूजल वर आलं, त्याबरोबर मीठ वर आलं. ही जमीन मुळात नूंगार लोकांची, आणि झाडं तोडणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं.

मेरेडिनच्या धान्यकेंद्रावर मला एका शेतकऱ्याने नेलं. ही केंद्रं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची, को-ऑपरेटिव्ह बल्क हँडलिंगची. स्थापना १९३३ ची. रांगेत उभा असलेला ट्रक पुढे सरकला, की वरच्या मचाणावरून एक लांब नळी गव्हात खुपसली जाते, चार-पाच जागी. नमुना खालच्या खोलीत जातो, प्रथिनं, ओल, कचरा मोजला जातो आणि दोन-तीन मिनिटांत गव्हाची प्रत ठरते. आमच्या शेतकऱ्याचा गहू त्याच्या अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली गेला. तो काही बोलला नाही, चिठ्ठी खिशात घातली. परतताना मला म्हणाला, पूर्वी इथून धान्य रेल्वेने जायचं. गव्हाच्या पट्ट्यातले कमी वाहतुकीचे काही लोहमार्ग २०१४ मध्ये बंद झाले आणि अवजड ट्रक गावांच्या रस्त्यांवर आले. त्याच्या गावी शाळेसमोरून हे ट्रक जातात. तक्रार घेऊन तो परिषदेच्या एका सदस्याच्या कार्यालयात गेला. नुसती पोच मिळाली. मग दुसऱ्याकडे गेला, वेगळ्या पक्षाच्या. त्याने सभागृहात प्रश्न विचारला, रस्त्याचं काम थोडं का होईना हललं.

‘तुला दुसरा होता कुठून?’ असं मी विचारलं. त्याला माझा प्रश्नच कळेना. त्याच्या हिशेबी आमदार एक नसतो, सहा असतात.

आता ही सहाची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ‘बहुसदस्यीय’ हा शब्द ऐकला की आपल्यासमोर महापालिकेचा प्रभाग येतो. चार जागांचा प्रभाग, अ ब क ड. तिथे मतदार प्रत्येक जागेला वेगळं मत देतो. त्यामुळे ज्या पक्षाचा जोर थोडा जास्त, तो चारही जागा नेतो. पॅनेल लागतं. प्रभागात चाळीस टक्के लोक दुसऱ्या पक्षाचे असले तरी त्यांच्या हाती एकही नगरसेवक राहत नाही. शेतीप्रदेशाची रीत याच्या उलट होती. ती आपल्याला परकी नाही, फक्त आपल्याकडे ती आमदारांपुरती ठेवली आहे. जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेच्या ११ जागांसाठी आमदारांनी मतदान केलं तेव्हा ‘विजयासाठी २३ मतांचा कोटा’ असं सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तेच गणित. मतदार पसंतीक्रम देतो. कोटा पूर्ण झाला की उमेदवार निवडून आला, त्याची जादा मतं पुढच्या पसंतीला जातात. सहा जागा असल्या, तर कोटा साधारण एकूण मतांच्या सातव्या भागाएवढा. ज्या विचाराला सातातला एक माणूस पाठिंबा देतो, त्या विचाराचा एक सदस्य सभागृहात जातो.

२०१७ साली काय झालं पाहा. शेतीप्रदेशात विधानसभेच्या चार जागा होत्या. तीन नॅशनल पक्षाने, म्हणजे शेतकऱ्यांच्या पक्षाने, नेल्या, एक लिबरल पक्षाने. लेबर पक्षाला, म्हणजे कामगारांच्या पक्षाला, एकही नाही. त्याच मतदारांनी त्याच दिवशी परिषदेसाठी मतदान केलं, तेव्हा दोन नॅशनल, दोन लेबर, एक लिबरल आणि एक शिकारी-मच्छीमारांच्या पक्षाचा असे सहा जण निवडून आले. विधानसभेच्या निकालावरून पाहिलं तर गव्हाचा पट्टा एका रंगाचा वाटतो. परिषदेच्या निकालात शाळेची शिक्षिका, धान्यकेंद्रावरचा हंगामी मजूर, जेरल्डटनच्या बंदरातला कामगार, दवाखान्यातली नर्स हेही दिसू लागतात. लेबरच्या त्या दोघांतले डॅरन वेस्ट तर स्वतः गहू आणि मेंढ्यांची शेती करणारे, नॉर्दमजवळचे. शेतकरी म्हणजे अमुकच पक्ष, हे समीकरण त्या निवडणुकीत निदान कागदावर तरी मोडलेलं होतं.

हे मला फार मोलाचं वाटतं. ‘ग्रामीण भागाचा आवाज’ असं आपण एकवचनी म्हणतो आणि तिथेच चुकतो. खेड्यात जमीन असलेला आणि नसलेला, बागायतदार आणि गडी, मूळचा आणि येऊन राहिलेला असे अनेक जण असतात, आणि त्यांची हितं एकमेकांना आडवी जातात. एकसदस्यीय मतदारसंघ त्यांतल्या सगळ्यात मोठ्या गटाच्या हाती सगळ्या गावाची चावी देतो.

इथे कुणाला वाटेल की मग हा प्रदेश मोडणाऱ्यांनी मोठंच पाप केलं. तसं मी म्हणणार नाही, कारण या व्यवस्थेत दोन खोल दोष होते, आणि त्यांतला पहिला अन्यायच होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची परिषद जन्मापासून जमीनदारांकडे झुकलेली. परिषदेसाठी मत द्यायला मालमत्तेची अट होती, ती १९६०च्या दशकापर्यंत टिकली. १९६५ च्या निवडणुकीत प्रथमच सर्व प्रौढांना परिषदेचं मत मिळालं. १९८७ मध्ये ब्रायन बर्क यांच्या लेबर सरकारने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कायदा केला. त्यासाठी नॅशनल पक्षाची मतं लागली आणि त्या पाठिंब्याची किंमत कायद्यातच दिसते: ३४ जागांतल्या १७ महानगराला, १७ बाहेरच्यांना. तीन चतुर्थांश लोकांना निम्म्या जागा. जिम मॅगिन्टी हे लेबरचे नेते याविरुद्ध उच्चतम न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये हरले. प्रत्येक मताचं मोल समान असलंच पाहिजे अशी हमी घटनेत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मॅगिन्टी पुढे राज्याचे महान्यायवादी झाले. २००१ चा त्यांचा प्रयत्न सभागृहात आवश्यक तेवढं निखळ बहुमत नव्हतं म्हणून २००३ मध्ये पुन्हा न्यायालयातच अडकला. शेवटी २००५ मध्ये विधानसभेपुरतं ‘एक मत, एक मोल’ आलं. परिषदेत मात्र प्रत्येक प्रदेशाला सहा-सहा अशा ३६ जागा झाल्या आणि असमतोल आणखी वाढला.

२०२१ पर्यंत महानगरातल्या एकेका प्रदेशात चार लाखांहून अधिक मतदार, शेतीप्रदेशात लाखाच्या थोडे वर, खाण-कुरण प्रदेशात सत्तर हजारांच्या आतबाहेर. सदस्य सगळीकडे सहाच. म्हणजे खाण-कुरण प्रदेशातल्या माणसाचं मत पर्थमधल्या माणसाच्या मताच्या सहापट जड. पर्थच्या उपनगरात टॅक्सी चालवणाऱ्याने कोणता गुन्हा केला होता? तोही आठवडाभर राबतो, तोही कर भरतो. अंतर लांब आहे म्हणून प्रतिनिधीला जास्त भत्ता द्या, विमान द्या, दोन कार्यालयं द्या, ते मी समजू शकतो. मतदाराच्या हातात सहा मतं देणं मला समजत नाही. गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

दुसरा दोष मतपत्रिकेत होता. ती लांबच लांब असायची. त्यावर आडवी रेघ. रेघेच्या वर पक्षांचे चौकोन, रेघेखाली एकेका उमेदवाराची नावं. खाली मत द्यायचं तर प्रत्येक नावापुढे क्रमांक लिहायचे, एकही चुकला तरी मत बाद होण्याचा धोका. वर मात्र एकाच चौकोनात ‘१’ लिहिलं की काम झालं. साहजिकच बहुतेक लोक वर लिहीत. पण मग तुमची दुसरी, तिसरी, विसावी पसंती कोण ठरवणार? पक्षाने निवडणुकीआधी आयोगाकडे दिलेली यादी. म्हणजे तुमचं मत तुमच्या हातून निघालं की पक्षांनी आपसात ठरवलेल्या पाटांतून वाहत जायचं.

२०२१ मध्ये या पाटांचं पाणी कुठे गेलं, हे सगळ्या ऑस्ट्रेलियाने पाहिलं. खाण-कुरण प्रदेशात डेलाइट सेव्हिंग पार्टी नावाच्या पक्षाचे विल्सन टकर उभे होते. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करावीत, हा पक्षाचा मुद्दा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जनतेने हीच गोष्ट १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ अशा चार सार्वमतांत नाकारली आहे. टकर यांना पहिल्या पसंतीची मतं मिळाली ९८. कोटा सात हजारांच्या आसपास. पण छोट्या पक्षांनी एकमेकांना पसंती देऊन ठेवल्या होत्या. एकेक उमेदवार बाद होत गेला, त्याची मतं पुढे सरकत गेली, आणि ९८ मतांवरून निघालेला माणूस सदस्य झाला. टकर यांनी कोणताही नियम मोडला नाही, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या मतदाराने दुसऱ्याच एखाद्या पक्षापुढे ‘१’ लिहिला, त्याला आपण कुणाला निवडतोय हे ठाऊकच नव्हतं.

त्याच निवडणुकीत मार्क मॅक्गोवन यांच्या लेबर पक्षाने विधानसभेच्या ५९ पैकी ५३ जागा जिंकल्या आणि परिषदेत ३६ पैकी २२. परिषदेत लेबरला बहुमत मिळण्याची इतिहासातली ही पहिलीच वेळ. निवडणुकीआधी मॅक्गोवन सांगत होते, की परिषदेच्या निवडणूक पद्धतीत बदल हा आमच्या कार्यक्रमात नाही. निवडणुकीनंतर माजी राज्यपाल मॅलकम मॅक्कस्कर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला कायदा झाला. सहाही प्रदेश रद्द, सगळं राज्य हाच एक मतदारसंघ, ३७ सदस्य. पक्षांच्या याद्यांचे पाटही बंद. पसंती आता मतदार स्वतः लिहितो. हा शेवटचा बदल मी मनापासून चांगला मानतो. पण जी गोष्ट निवडणुकीआधी लोकांपुढे ठेवली नाही, ती त्यांच्या मताच्या जोरावर करू नये. कायदा बरोबर असला तरी लोकांना विचारण्याची पायरी गाळायची नसते.

आणि माझ्या मते कायदा अर्धाच बरोबर होता. रोग दोन होते, मतांचं वजन आणि पक्षांच्या याद्या. दोन्ही बरे करता येत होते, प्रदेश ठेवूनसुद्धा. मतांच्या वजनापुरतं व्हिक्टोरिया राज्य बघा. २००६ पासून तिथल्या परिषदेचे आठ प्रदेश आहेत, प्रत्येकी पाच सदस्य, आणि मतदारसंख्या सगळीकडे जवळपास सारखी. त्यांतले उत्तर, पश्चिम आणि पूर्व व्हिक्टोरिया हे तीन ग्रामीण. तिथल्या शेतकऱ्याचं मत मेलबर्नकराच्या मताएवढंच आहे, पण त्याला स्वतःच्या मुलखाचे पाच जण आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात असं केलं असतं तर महानगराबाहेरच्यांना ३७ पैकी नऊ-दहा जागा आल्या असत्या. निम्म्यावरून नऊवर येणं त्यांना झोंबलं असतं, आणि तरीही ते न्याय्य ठरलं असतं. त्या नऊ-दहा जणांना मात्र मेरेडिन, एस्परन्स, जेरल्डटन टाळता आलं नसतं. आता सदतीसही जण सगळ्या राज्याचे. कोटा अडीच टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे लहान विचारांना जागा भरपूर. २०२५ मध्ये खरोखरच आठ पक्ष आत आले. पण प्रत्येक पक्षाला मतांची रास पर्थमध्ये सापडते, तेव्हा पेट्रोल जाळून सातशे किलोमीटरवरच्या एस्परन्सला जायचं कशासाठी? चांगला माणूस असेल तर जाईलही. पण व्यवस्था चांगल्या माणसाच्या भरवशावर उभी करायची नसते.

मित्रहो, मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगतो आहे ते या सभागृहात तरी समजावून सांगायला नको. आपला संगमेश्वर मतदारसंघ आज नकाशावर नाही. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००९ च्या निवडणुकीत लागू झाली. रत्नागिरीच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गच्या चाराच्या तीन. विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४. आपली माणसं पोटासाठी ठाणे-डोंबिवलीला गेली आणि त्यांच्यामागून आमदारकीही गेली. हिशेबात चूक नाही. माझा पुतण्या डोंबिवलीत राहतो म्हणून त्याचं मत माझ्यापेक्षा हलकं असावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण संगमेश्वरचे तुकडे शेजारच्या मतदारसंघांना जोडले गेले, तेव्हा या तालुक्यातल्या माणसाने कुठे जायचं, हा प्रश्न त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. आणि आता लोकसभेच्या जागांचं १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं वाटप पुन्हा हलवण्याची चर्चा देशभर चालू आहे. ती मुख्यतः राज्याराज्यांमधल्या संख्येची चर्चा आहे. मला वाटतं, तिच्यात आकाराचाही प्रश्न यायला हवा: प्रतिनिधी एकेकटाच हवा, की एका मुलखाचे चार-पाच एकत्र?

हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधिमंडळासाठी बहुसदस्यीय मतदारसंघ होते. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. संख्येने कमी असलेल्यांना आपली मतं एकवटता यावीत म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी भायखळा-परळच्या अशाच मतदारसंघातून निवडून आले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन निवडणुकांत द्विसदस्यीय मतदारसंघ होते, पण मतं एकवटण्याची ती सोय राहिली नव्हती, आणि १९६१ च्या कायद्याने तेही गेले. आज कोकण पदवीधर मतदारसंघात आपण जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. पण तलासरीपासून दोडामार्गपर्यंतच्या त्या लांबलचक पट्ट्यातून जातो शेवटी एकच माणूस. पसंतीक्रम आपल्याला जमतो. सहा जणांचा मुलूख कसा असतो, याची मात्र आपल्याला सवयच राहिलेली नाही.

मेरेडिनच्या त्या शेतकऱ्याशी माझा अधूनमधून फोन होतो. २०२५ च्या मे महिन्यात नवे सदस्य रुजू झाले, त्यानंतर एकदा बोललो. शाळेसमोरचा रस्ता अजून अर्धाच रुंद झाला आहे, म्हणाला. पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते ठरवायला त्याने सदतीस नावांची यादी छापून घेतली होती आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस कुठे राहतो ते पेन्सिलीने लिहीत होता. निम्मी यादी व्हायची होती.